नियंत्रित गटातले भावोजी

जे मोजता येत नाही ते अस्तित्वातच नसतं, हे आता सर्वमान्य झालेलं सत्य आहे. पूर्वी माणसं 'आज जरा बरं आहे', 'काल फार होतं' अशा भोंगळ भाषेत आपली दुखणी सांगत आणि ऐकणारेही ती खरी मानत. आमच्या घरातला हा अंधार माझ्या भाचीने घालवला. ती पीएच.डी. करत होती. मी तिचा मामा, वजनमापे खात्यातून निवृत्त. उभी हयात दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेल्यामुळे संशोधनात निरीक्षक म्हणून माझी एकमताने निवड झाली. (मानधन नव्हतं. चहा होता.)

संशोधनाचा विषय होता, 'वयोवृद्धांशी रोज वीस मिनिटं गप्पा मारल्याने त्यांच्या दुखण्याच्या तक्रारी कमी होतात काय?' हा विषय आकाशातून पडला नाही. भाचीचे वडील, म्हणजे माझे भावोजी, यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. जन्मभर उकिडवं बसून पंक्चर काढल्यामुळे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. भाची संध्याकाळी घरी आली, की तिची पिशवी खुंटीला लागायच्या आत भावोजी गुडघ्यापासून सुरुवात करत. गुडघ्यावरून गाडी चाकाच्या आऱ्यांवर जाई, आऱ्यांवरून कोणा जुन्या गिऱ्हाइकावर, आणि शेवटी "आता जरा बरं वाटतंय" इथे येऊन थांबे. गोळी घेतली का, असं तिने विचारलं की ते म्हणत, "नाही. तू आलीस ना."

हे वाक्य भाचीने आपल्या मार्गदर्शक सरांना सांगितलं. सर मोठे विद्वान. जेवण झालं का, असं विचारलं तर 'कशाच्या तुलनेत?' असं विचारणारे. त्यांनी सांगितलं, की हा नुसता अनुभव आहे, आणि अनुभवाला शास्त्रात उभं राहायलाही जागा नाही. प्रयोग करा, आकडे आणा, मग तुमच्या वडिलांना बरं वाटतं की नाही ते आपण ठरवू.

प्रयोगाची मांडणी अत्यंत न्याय्य होती. आमच्या इमारतीतले तीस ज्येष्ठ निवडले. त्यांचे दोन गट. पहिला प्रायोगिक गट, याला गप्पा मिळणार. दुसरा नियंत्रित गट, याला काहीच मिळणार नाही, म्हणजे काहीच न मिळणाऱ्यांचं काय होतं ते कळेल. शास्त्राची सगळी भिस्त या दुसऱ्या गटावर असते. त्याचे आभार मात्र मानायचे नसतात, कारण आभार मानले तर त्याला काहीतरी मिळालं असं होतं.

कोण कुठल्या गटात जाणार, हे माणसाने ठरवायचं नसतं. पिठाच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. त्या काढायला शेजारच्या आजी बोलावल्या, कारण त्यांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं आणि चिठ्ठी वाचता येण्याचा धोका नव्हता. माझी बहीण प्रायोगिक गटात गेली. भावोजी नियंत्रित गटात.

भाचीचा चेहरा पडला. तिने सरांना भीतभीत विचारलं, की एवढी एक चिठ्ठी बदलली तर चालेल का. सर म्हणाले, बदला की, पण मग त्याला संशोधन म्हणू नका, घरगुती म्हणा. तिने घरी येऊन भावोजींना सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे मी नेमकं काय करायचं?" भावोजींनी विचारलं.

"काहीच नाही, बाबा. मी तुमच्याशी बोलायचं नाही, एवढंच. दोन-अडीच महिने."

"जमेल," भावोजी म्हणाले. "दुकानात गिऱ्हाईक नसलं की बसायचोच की मी."

आता भावोजींशी माझी बहीण बोलते त्याचं काय, हा शास्त्रीय प्रश्न उरला होता. सरांनी निकाल दिला, की पत्नीचं बोलणं गेली चाळीस वर्षं चालूच आहे, त्याचा आताच परिणाम सुरू होईल असं मानायला आधार नाही, सबब ते धरू नये. (बहिणीला हा निकाल पटला नाही. पण तिचं मत मागवलेलं नव्हतं.)

प्रयोग सुरू झाला. भाची संध्याकाळी यायची, बाहेरच्या खोलीतून मान खाली घालून सरळ स्वयंपाकघरात जायची, ओट्यावर घड्याळ लावायची आणि आईसमोर बसायची. भावोजी बाहेर खुर्चीत. इतका उत्तम नियंत्रित माणूस मी पाहिलेला नाही. बाकीचे चौदा जण कुरकुरायचे, जिन्यात भाचीला गाठून 'आमचा नंबर कधी?' असं विचारायचे. भावोजींनी मात्र नजरानजर होऊन प्रयोगात भेसळ नको म्हणून खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतली. लेकीची पदवी होती, आणि आपल्या हातून तिचं काही वाकडं व्हायला नको, एवढं एकच त्यांनी मनाशी धरलं होतं. एकदा भाची सवयीने खुर्चीपाशी थबकली आणि "बाबा, गुडघा..." एवढं बोलून गेली.

"विचारू नकोस," भावोजी भिंतीकडे बघत म्हणाले. "बिघडेल."

आणि त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते आदल्या दिवशीचं होतं, हे निरीक्षक या नात्याने माझ्या लक्षात आलं, पण त्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

मोजमापाचं काम माझ्याकडे होतं. दर रविवारी प्रत्येकासमोर शून्य ते दहा आकड्यांची पट्टी धरायची आणि तक्रार किती त्यावर बोट ठेवायला सांगायचं. आकडे डोळे दिपवणारे निघाले. प्रायोगिक गटाची सरासरी तक्रार पाचावरून जवळपास आठावर गेली. ऐकणारं माणूस मिळाल्यावर त्यांना स्वतःच्या अंगात काय काय दुखतं याचा नव्याने शोध लागला होता. माझ्या बहिणीचंच बघा. पहिल्या आठवड्यात कंबर. मग कंबर आणि मान. मग कंबर, मान, न लागणारी झोप आणि मी. उलट नियंत्रित गट पाचावरून तिनाच्या आसपास उतरला. भावोजी तर साताने सुरू झाले होते, ते पाच, तीन, एक असे शिस्तीत उतरत शेवटच्या रविवारी शून्यावर पोचले. मी कौतुकाने त्यांची पाठ थोपटली. मग ते उठायला गेले, खुर्चीचे दोन्ही हात धरले, आणि परत खाली बसले.

गुडघा पायजम्यावरूनही दिसत होता. डॉक्टर म्हणाले, आत पाणी झालंय, आणि हे काही एका दिवसात होत नाही, घरात कोणी विचारलं नाही का यांना? मी सांगितलं, की आम्ही दर रविवारी विचारत होतो आणि नोंदही ठेवली आहे. डॉक्टरांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

भाचीने ठरवलं, की वडिलांचं शून्य आकड्यांतून काढून टाकायचं. सरांनी हिशोब करून दाखवला. ते एक शून्य काढलं, की नियंत्रित गटात चौदाच उरत होते, पंधराच्या खालचा गट विद्यापीठ ग्राह्य धरत नव्हतं, आणि गट ग्राह्य नाही म्हणजे तीन वर्षांची मेहनत पाण्यात. शिवाय, सर म्हणाले, आपण तक्रार मोजत होतो, गुडघा नाही. युक्तिवादात खोट काढायला जागा नव्हती.

त्या संध्याकाळी भाची स्वयंपाकघरात गेली नाही. खुर्ची आणि भिंत यांच्यामध्ये फरशीवर बसली.

"बाबा, मी तुमचा आकडा काढून टाकतेय. पदवी गेली तरी चालेल."

"कशाला?" भावोजी म्हणाले. "मी कुठे तक्रार करतोय? राहू दे ते शून्य. तेवढाच माझा हातभार."

भाची त्यांच्या गुडघ्याला हात न लावता, शेजारी खुर्चीच्या पायावर डोकं टेकून रडली. मला वाईट वाटलं. तराजूची तपासणी करणाऱ्याने वाईट वाटून घ्यायचं नसतं, काट्यावर परिणाम होतो, पण वाटलं खरं.

शून्य राहिलं, भावोजींनी ते काढूच दिलं नाही. पदवी मिळाली. वयोवृद्धांशी बोलल्याने तक्रारी वाढतात, सबब बोलणं टाळावं, या शिफारशीचं सर्वत्र स्वागत झालं. (एवढ्या तातडीने अमलात आलेली दुसरी शिफारस माझ्या पाहण्यात नाही. बऱ्याच घरांनी तर ती आधीपासूनच राबवली होती.) भावोजींच्या गुडघ्यातलं पाणी काढलं. आता भाची रोज संध्याकाळी घड्याळ न लावता त्यांच्यापाशी बसते आणि गुडघा कसा आहे ते विचारते. ते "ठीक आहे" म्हणतात. आरे नाहीत, गिऱ्हाईक नाही, काही नाही. ती बराच वेळ वाट बघते, मग दिवा लावायला उठते. सरांच्या मते हा परिणाम दीर्घकाळ टिकणारा असून त्यावर स्वतंत्र निबंध होऊ शकतो.

प्रयोगाचा दुसरा टप्पा मोठा आहे, हजार घरांचा. एवढा मोठा नियंत्रित गट आणायचा कुठून, महिनोन् महिने कोणी आपल्याशी न बोलता बसून राहायला कोण तयार होईल, अशी आम्हाला धास्ती होती. ती व्यर्थ ठरली. प्राथमिक पाहणीत असं आढळलं, की हा गट बहुतेक घरांत तयारच असतो. आतल्या खोलीत किंवा गॅलरीतल्या खुर्चीत. चिठ्ठी काढावी लागत नाही, काही समजावूनही सांगावं लागत नाही.

तेव्हा आम्ही पट्टी घेऊन आपल्याकडे आलो, की फक्त ती खुर्ची दाखवा. आपला वेळ घेणार नाही. गप्पांच्या वीस मिनिटांतली दहा तर आपण हे वाचण्यात खर्च केलीच आहेत.