गाणी बेतून देणारे तोडणकर मास्तर

माझं तेव्हाचं सगळ्यात आवडतं गाणं कमरेत सैल आहे, हे मला तोडणकर मास्तरांनी सांगितलं.

मी त्यांच्याकडे दोन ब्लाउजपिसं आणि एक कोरी कॅसेट घेऊन गेले होते. ब्लाउजचं माप त्यांच्या वहीत होतंच. कॅसेटमध्ये भरायच्या गाण्यांची यादी मी कागदावर लिहून नेली होती. मास्तरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, यादी वाचली आणि तिसऱ्या गाण्यावर निळ्या खडूने फुली मारली. म्हणाले, हे असंच्या असं भरून देणार नाही, दुसऱ्या कडव्यानंतर नुसता घोळ आहे. मी म्हटलं, मला आवडतं ते. त्यावर ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "आवडतं हो, वहिनी. पण बसत नाही."

ही ऐंशीनंतरची गोष्ट. रत्नागिरीत तेव्हा हवी ती गाणी हवी त्या क्रमाने ऐकायची, तर कोरी कॅसेट आणि यादी दुकानात नेऊन द्यायची आणि आठ दिवसांनी भरलेली कॅसेट आणायची. आमच्या आळीच्या तोंडाशी मास्तरांचं शिवणाचं दुकान होतं. त्यांच्या आतेभावाने आखातातून येताना दोन कॅसेटींचा टेपरेकॉर्डर आणून दिला आणि दुकानाच्या पाटीवर 'लेडीज-जेन्ट्स टेलर'च्या खाली 'येथे कॅसेट भरून मिळेल' ही ओळ आली. एका बाजूला मशीन, दुसऱ्या बाजूला टेपरेकॉर्डर, मध्ये फिरत्या स्टुलावर मास्तर. वय पंचेचाळिशीच्या आसपास, लग्न झालेलं नाही, अंगात स्वतः शिवलेला शर्ट, गळ्यात मापाची टेप.

आडनाव तोडणकर. ते गावावरून आलेलं आहे, तोडण्यावरून नव्हे, असं ते प्रत्येकाला सांगत. त्यांच्याकडून कॅसेट भरून घेतलेल्या माणसाला ते पटत नसे.

मास्तरांचं म्हणणं साधं होतं. बाजारात तयार मिळतो तो शर्ट कोणालाच नीट बसत नाही, गाण्याचंही तसंच. गाणारा आपल्या दमाप्रमाणे गातो, वाजवणारा हौसेप्रमाणे वाजवतो, ऐकणाऱ्याचं माप कोणी घेत नाही. ते काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. सुरुवातीचं वाजवणं लांबलं, की गाणं 'गळ्याला ढगळ'. तीच ओळ शेवटी दहादा आली, की 'खाली नुसता झोळ'. डिस्कोच्या गाण्यांवर त्यांचा विशेष राग होता. सहा मिनिटांच्या गाण्यात अडीच मिनिटांचं कापड आणि बाकीच्या चुण्या, असं ते म्हणत. उलट एखादं गोड गाणं झटकन संपलं तर ते हळहळत. "आखूड झालं हो. मनगटसुद्धा झाकत नाही."

सुरुवातीला ते खरोखरच कापत. कॅसेट उघडायची, फीत बाहेर काढायची, टेपने मोजायची, ब्लेडने नको तो भाग उडवायचा आणि टोकं चिकटपट्टीने जोडायची. तीन मिनिटांचं गाणं म्हणजे साडेआठ मीटर फीत, हा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. पण फितीला दोन बाजू असतात. इकडचं कापलं की तिकडचंही जातं, हे त्यांच्या ध्यानात आलं ते आमच्या समोरच्या बापूंमुळे.

बापूंच्या कॅसेटच्या एका बाजूला सुनेची सिनेमाची गाणी होती आणि दुसऱ्या बाजूला देवाच्या हजार नावांची नामावली. सुनेच्या गाण्यातला झोळ मास्तरांनी काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बापूंच्या पूजेत देवाची आठ नावं कमी भरली. बापू सोवळ्यातच दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले. मास्तरांनी चिंध्यांची टोपली उलटी करून तो हातभर तुकडा शोधून काढला आणि पुन्हा जोडून दिला. मात्र घाईत उलटा जोडला. पुढे कित्येक महिने बापूंच्या घरातून सकाळी नामावली ऐकू येई आणि मध्येच देव कुठल्या तरी अगम्य भाषेत गुरगुरून पुन्हा संस्कृतात येई. बापूंना त्याची इतकी सवय झाली, की कॅसेट नसतानाही ते त्या जागी थांबत.

त्यानंतर ब्लेड बंद झालं. एका कॅसेटवरून दुसरीवर उतरवताना नेमक्या ठोक्यावर बटण दाबून थांबवायचं, सोडायचं, पुन्हा थांबवायचं, ही कला मास्तरांनी कमावली. एक पाय मशीनच्या पायडलवर ठेवून ते ताल धरत आणि सुई खाली गेली की बटण दाबत. मग गाणी फक्त आखूडच नाही, लांबही होऊ लागली. माझं एक अडीच मिनिटांचं लाडकं गाणं होतं. कोथिंबीर निवडायला घ्यावी तर जुडी सुटेपर्यंत संपणारं. मास्तरांनी त्याला एक कडवं पुन्हा असं जोडून दिलं, की पाहुण्यांना जोड ओळखता येत नसे. कमरेत सैल गाणंही त्यांनी आत घेतलंच. आणि सांगायला लाज वाटते, पण ते खरंच चांगलं झालं. पुढे रेडिओवर मूळ गाणं लागलं तेव्हा मला ते अघळपघळ वाटलं.

फक्त वेळेच्या बाबतीत मास्तर अस्सल शिंपी होते. कॅसेट आणायला गेलं की म्हणत, "गाणी झालीत. काजं-बटणं राहिलीत." गाण्याला काजं-बटणं कुठली, हे विचारायची सोय नव्हती.

एका वर्षी आमच्या महिला मंडळाने नवरात्रातल्या समूहनृत्याच्या स्पर्धेत भाग घ्यायचं ठरवलं. अध्यक्ष विमलवहिनींनी एक कोळीगीत पसंत केलं. ते होतं जवळजवळ सात मिनिटांचं आणि स्पर्धेचा नियम पाच मिनिटांचा. साहजिकच ते बेतून आणायची जबाबदारी माझ्यावर आली.

नाचात आम्ही नऊजणी होतो. त्यांत वाचनालयात पुस्तकं देणाऱ्या सुलभाताई होत्या. चाळिशीच्या, उंच, तिखट जिभेच्या. वडिलांबरोबर राहत. लहानपणीच्या एका तापात त्यांचा डावा पाय अधू झालेला. चालताना त्या बाजूला थोड्या झुकत आणि सावकाश चालत. पण तालाचं अंग आमच्यात फक्त त्यांनाच होतं. आम्ही चुकलो की त्या टाळीने आम्हाला ठेक्यावर आणत. आयुष्यात एकदा तरी स्टेजवर नाचायचं आहे, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

अडचण एकाच जागी होती. मधल्या कडव्यानंतर नुसती ढोलकी वाजायची. तेवढ्यात डोक्यावर टोपल्या घेऊन स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आणि ओळ धरून धृपद उचलायचं. आम्ही आठजणी पोचायचो आणि सुलभाताई चार पावलं मागे राहायच्या. आठ दिवस त्यांनी जिवाचा आटापिटा केला. एकदा पडल्याही. शेवटी विमलवहिनींनी, मनाने वाईट नव्हत्या त्या, चाचरत सुचवलं, की सुलभाताईंनी मधोमध होडीची डोलकाठी धरून उभं राहावं, शोभा येईल.

सुलभाताई म्हणाल्या, "सतरा वर्षं कपाटाशेजारी उभीच आहे मी. उभं राहायला स्टेज कशाला हवं?" पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मुकाट्याने बांबू हातात घेतला. नंतर मात्र त्यांची टाळी थांबली आणि आम्ही जास्तच चुकायला लागलो.

हे सगळं मी मास्तरांना कॅसेट देताना सांगितलं. मला कुठलीच गोष्ट पोटात ठेवता येत नाही. मास्तर बराच वेळ खडूने टेबलावर रेघा ओढत बसले. मग म्हणाले, अंगावर घातल्याशिवाय फिटिंग कळत नाही, एकदा तालमीला येऊन बघतो. आले. अंगणाच्या कुंपणाच्या दगडी गडग्याला टेकून एकदाच सगळा नाच पाहिला, वहीत काही टिपलं आणि चहा न घेता गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशी ते मापाची टेप घेऊन स्पर्धेच्या हॉलवर गेल्याचं आणि रखवालदाराशी वाद घालून स्टेज मोजून आल्याचं कानावर आलं.

कॅसेट मात्र मिळेना. काजं-बटणं राहिली होती. विमलवहिनींना रात्री झोप लागेना. शेवटी स्पर्धेच्या दिवशी सकाळी मास्तरांनी कॅसेट हातात ठेवली आणि एवढंच सांगितलं, की पाच मिनिटांच्या आत आहे.

दुपारी अंगणात आम्ही ती लावली. सुरुवातीचा समुद्राचा आवाज गेला होता. शेवटचा घोळही गेला होता. सगळं कसं आटोपशीर. आणि मध्ये ढोलकी आली ती थांबेचना. आम्ही टोपल्या घेऊन पलीकडे पोचलो, ओळ धरली, तोंडं उघडली आणि तशाच उभ्या राहिलो. ढोलकी वाजतेच आहे. विमलवहिनी रडायच्या बेताला आल्या. ऐन दिवशी या माणसाने घोटाळा केला म्हणाल्या आणि मला दुकानात पिटाळलं.

मास्तर कोणाच्या तरी परकराला नाडी घालत होते. मी तणतणले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नाडीचं टोक बाहेर काढलं आणि खाली बघतच म्हणाले, "चुकलं नाही, वहिनी. तिथं जरा माया ठेवलीय."

शिंपी लोक शिवणीत थोडं जादा कापड आत दुमडून ठेवतात, पुढेमागे अंग भरलं तर उसवून वाढवता यावं म्हणून. त्याला माया म्हणतात. मला हे ठाऊक होतं, तरी कळायला एक क्षण लागलाच. मग मी पायरीवरूनच धावत सुटले.

अंगणात येऊन मी सुलभाताईंच्या हातातला बांबू काढून घेतला आणि टोपली दिली. पुन्हा गाणं लावलं. ढोलकी सुरू झाली. सुलभाताई निघाल्या, आपल्या चालीने, न धावता. आम्ही टोकाला पोचून मागे बघत होतो. त्या ओळीत आल्या, वळल्या, कमरेवर हात ठेवला आणि त्याच ठोक्यावर धृपद आलं. मागे नाही, पुढे नाही. विमलवहिनींनी पदराने डोळे पुसले आणि आम्हाला झापलं, की बाकीच्यांनी एवढं यष्टी पकडल्यासारखं धावायचं काही कारण नाही, सुलभाताईंच्या बरोबरीने चाला.

संध्याकाळी आम्ही तशाच चाललो. नऊजणी, संथ, एका लयीत, एका बाजूला किंचित झुकून, कारण डोक्यावर मासळीची टोपली असलेली बाई तशीच चालते, हे तोवर आमच्याही लक्षात आलं होतं. हॉलमध्ये टाळ्या पडल्या त्या नेमक्या तिथे. आम्हाला दुसरा नंबर मिळाला. परीक्षकांनी ती चाल फार खरी वाटली, असं मुद्दाम सांगितलं. परत येताना रिक्षात सुलभाताई टोपलीवर बोटांनी ढोलकीचा ठेका धरत होत्या. गालावरचा रंग पुसायचंही त्या विसरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन दुकानात गेले. हॉलमध्ये सगळ्यात मागच्या रांगेत बसून मास्तरांनी नाच पाहिला होता, त्यामुळे बातमी त्यांना होतीच. मी त्यांना विचारलं, की एकदाच तालीम पाहिलीत, त्या दिवशीही सुलभाताई बांबू धरून उभ्याच होत्या, मग त्यांना किती वेळ लागतो हे इतकं नेमकं कसं कळलं?

मास्तरांनी पेढा कागदावर ठेवला. दाराबाहेर बोट केलं. तिथून रस्त्याचा एक तुकडा दिसत होता, विजेच्या खांबापासून समोरच्या गडग्याच्या टोकापर्यंत.

"एवढं चालायला बाकीच्यांना आठ सेकंद लागतात," ते म्हणाले. "त्यांना चौदा. पावसात सोळा. स्टेज जरा रुंद आहे, त्याचे तीन जास्त धरले."

"मोजलंत कधी?"

"रोज. वाचनालय सुटलं की येतात ना इथनं."

"किती वर्षं?"

त्यांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला, चाक अर्धं फिरवलं आणि थांबवलं.

"अकरा झाली. फार आखूड वाटतात हो, चौदा सेकंद."

मी मघाशीच सांगितलं, की मला कुठलीच गोष्ट पोटात ठेवता येत नाही. त्याच दुपारी मी वाचनालयात जाऊन पुस्तक बदललं आणि जे ऐकलं ते सुलभाताईंना जसंच्या तसं सांगून टाकलं. एखादं तिखट वाक्य येईल म्हणून मी तयारीत होते. त्यांनी पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला. मग त्याच जागी पुन्हा एकदा मारला. नंतर मला म्हणाल्या, वाचून झालं की वेळेवर आणून द्या.

संध्याकाळी मी आमच्या पडवीत, दुकान दिसेल अशी बसून तांदूळ पाखडत होते. वाचनालय सुटायची वेळ झाली. सुलभाताई नेहमीप्रमाणे खांबापाशी आल्या. त्यांनी पर्स उघडून एक कोरी कॅसेट बाहेर काढली आणि रस्ता सोडून दुकानाच्या पायऱ्या चढल्या. मास्तर स्टुलावरून उठले ते इतक्या घाईने, की स्टूल मागे फिरतच राहिलं.

त्या दिवशी सुलभाताईंना खांबापासून गडग्याच्या टोकापर्यंत जायला पाऊण तास लागला.