हात कोणाचा हलला?

"वस्तू हातात घेतली की मला कळतं!" असं फिटरकाका आयुष्यभर म्हणत आले. मग तो पंखा असो, पाना असो नाहीतर जावई असो! कारखान्यात लेथवर त्यांची हयात गेली. लोखंडाचा केसाएवढा पापुद्रा सोलायचा असला की साहेब दुसऱ्या कोणाला हाक मारत नसत. भूकंप झाला असता तर कारखाना हलला असता, काकांचा हात नाही!

आणि या हातावर जगात एकच माणूस संशय घ्यायचा. बायको.

झालं होतं असं. लग्नानंतर काका कॅमेरा घ्यायला गेले, रोलचा. दुकानात काकूंना एक छोटा, काळा आवडला. "हा बरा वाटतो," त्या हळूच म्हणाल्या. "कॅमेऱ्यातलं तुला काय कळतं?" असं म्हणून काकांनी त्याच्या शेजारचा मोठा, चकचकीत उचलला. पुढे जिथे जिथे गेले तिथे तिथे त्यानं फोटो काढले, आणि एकूण एक फोटोत काकू धुरकट! धबधबा स्वच्छ, शेजारची 'येथे पोहू नये' ही पाटी स्वच्छ, पाटीवरचा कावळासुद्धा स्वच्छ! काकू मात्र धुक्यातून उठून आल्यासारख्या.

"तू हललीस!" काका म्हणायचे.

"मी कशाला हलू? तुमचाच हात हलला!"

"माझा हात? लेथवाल्याचा?"

"लेथ जमिनीला बोल्ट मारून बसवलेलं असतं. तुम्हाला कोण बोल्ट मारणार!"

लोकांच्या घरी रेडिओ लागतो, यांच्या घरी हे भांडण लागायचं. त्यात राग नसे. फोटो काढताना काका ओरडत, "अगं, जरा मध्ये ये!" तर काकू उलट बाजूला सरकायच्या, नेहमी त्याच एका बाजूला. "मध्ये कशाला? मी घरी रोज दिसतेच. तो धबधबा घरी दिसणार आहे का?"

मागच्या वर्षी काकू गेल्या आणि भांडणाची एकच बाजू उरली.

काकूंची थोरली बहीण, म्हणजे ताई, भिंतीवर लावायला फ्रेम घेऊन आल्या. सगळे आल्बम त्यांनी पालथे घातले. शेवटचा मिटला आणि त्यांचा तोल गेला.

"एक? एक धड चेहरा नाही माझ्या बहिणीचा? भाऊजी, तुमच्या त्या हलत्या हातानं तिला पुसून टाकलंत हो!"

"ताई, माझा हात—"

"राहू द्या. फ्रेममध्ये फोटो लागला की कळवा. तेव्हाच येईन."

फ्रेम काकांनी भिंतीवर लावली. वर काच, आत नुसता पुठ्ठा. बायको हेच म्हणायची तेव्हा काका हसायचे. पण आता ते वाक्य पायात काच घुसावी तसं घुसलं. हात खरंच हलत असेल तर? मग तिचा चेहरा गेला तो या हातानंच!

काकांनी ठरवलं, सोक्षमोक्ष लावायचा. लेन्स तीच जुनी, हात तोच, फोटो नवीन. जुना कॅमेरा कामाचा नव्हता, कारण रोल धुऊन देणारा शेवटचा माणूस आता मोबाइलची कव्हरं विकत होता. तेव्हा ती लेन्स बसेल असा डिजिटल एसएलआर घेणं आलं.

"पहिलाच का, काका?" दुकानदारानं विचारलं.

"पहिलाच. पण काळजी नको. वस्तू हातात घेतली की मला कळतं!"

"बरं. आयएसओ कितीपर्यंतचा बघू?"

"शिक्का असला म्हणजे झालं."

कमी उजेडाचा तो आकडा समजावण्याचा नाद दुकानदारानं सोडला. "आणि फुल फ्रेम पाहिजे का?"

"फ्रेम आहे घरी," काका म्हणाले. "रिकामी आहे."

दुकानदारानं हातातलं माहितीपत्रक मिटलं. मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "ती नव्हे, काका. आतला सेन्सर जुन्या रोलएवढा मोठा असला की त्याला फुल फ्रेम म्हणतात."

काकांनी पिशवीतून रुमालाचं गाठोडं काढलं. आत जुन्या कॅमेऱ्याची लेन्स होती. "ही बसली पाहिजे. बाकी तुम्ही सांगाल ते."

"याच कंपनीची बॉडी घ्या, बसेल. फोकस तेवढा हातानं करावा लागेल. वापरलेली एक बॉडी यायची आहे. नुसती बॉडी चालेल ना?"

"पळेल! काच माझी, बॉडी तुमची."

आता बॉडी म्हणजे कॅमेऱ्याचं धड, हे काकांना त्या दिवशी कळलं. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना ते कुठून कळणार? त्यांची सगळी नोकरी इस्पितळात झालेली. त्यांच्या लेखी बॉडीचा एकच अर्थ, आणि तो पांढऱ्या चादरीखाली असतो!

दुकानदाराचा फोन आला तेव्हा काका बाल्कनीत होते. लेथच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे काकांचं बोलणं म्हणजे भोंगा. खालच्या बाल्कनीत नर्सबाई झाडांना पाणी घालत होत्या.

"आली का बॉडी?... वा वा!... किती वर्षांची म्हणालात?... पाच? म्हणजे काहीच वय नाही हो!... अंगावर मार लागल्याच्या खुणा?... बारीक ओरखडा चालेल, कोण बघतंय!... उद्या सकाळी मी स्वतः येतो ताब्यात घ्यायला... छे, गाडी कशाला? पिशवीत घालून आणतो!"

नर्सबाईंच्या हातातली झारी तशीच वाहत राहिली. तुळतुळीत फरशीवर तळं झालं तरी त्यांना पत्ता नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी काका निघाले ते मोबाइल चार्जिंगला तसाच ठेवून. पुढचं सगळं त्यांना नंतर कळलं. नर्सबाई धीर द्यायला वर आल्या. बेल वाजवली, दार उघडेना. दाराला लॅच, त्यामुळे माणूस आत की बाहेर कळायला मार्ग नाही. फोन लावला, तर फोन आतच वाजतोय! झालं. कालची बॉडी, आजचं बंद दार आणि आत वाजणारा फोन, या तिन्हींची बेरीज करायला नर्सबाईंना फार वेळ लागला नाही. त्यांनी ताईंना फोन लावला.

"लवकर या. फिटरकाकांकडे... बॉडी..."

"कोणाची बॉडी?"

"आता काय सांगू? फोनसुद्धा उचलत नाहीत!"

काका पिशवी छातीशी धरून परतले तेव्हा जिना माणसांनी भरला होता. वाट काढत वर आले, तर दारापाशी एक चावीवाला गुडघ्यांवर बसून लॅचशी झटत होता.

"कोण गेलं हो?" काकांनी हळूच विचारलं.

"इथले काका," चावीवाला मान वर न करता म्हणाला.

"अरेरे! कोणते काका?"

"याच घरातले. जरा बाजूला व्हा बघू, उजेड अडतोय."

काका बाजूला झाले! समजूतदार माणूस. आणि मग त्यांचं लक्ष दारावरच्या स्वतःच्याच नावाकडे गेलं.

तेवढ्यात ताई वळल्या. त्यांनी अशी किंकाळी फोडली की चावीवाल्याच्या हातातली तार वाकली. नर्सबाई मात्र अनुभवी. पुढे होऊन त्यांनी काकांचं मनगट धरलं, डोळे मिटले आणि सगळ्या जिन्याला जाहीर केलं, "नाडी लागतेय!"

ताईंनी डोळे पुसले, पर्स उचलली आणि काकांच्या दंडावर हाणली. "मेलात म्हणून रडतेय मी इथे! कुठे होतात?"

"बॉडी आणायला."

"कोणाची?"

"ही काय!" म्हणत काकांनी पिशवीतून कॅमेरा काढला.

जिना असा हसला की कठडा थरथरला. चावीवाला म्हणाला, "मग आता दार उघडू की नको?"

"थांबा," काका खिशातून किल्ली काढत म्हणाले. "सगळे आलाच आहात तर आत या. माझं एक काम करा."

खोलीत माणसं दाटीवाटीनं बसली. ताईंना खुर्ची दिली, ती नेमकी डाव्या टोकाला. काकांनी कॅमेरा टेबलावर ठेवला, जुनी लेन्स बसवली आणि फोकस करून टायमर लावला. फोटो आपोआप निघणार होता, म्हणजे कोणाचाच हात लागायला नको. "आता कोणी हलायचं नाही!" असं म्हणून ते स्वतः मधे येऊन बसले. ताई तर रागानं आधीच दगड झाल्या होत्या.

खट्!

पडद्यावर सगळे डोकावले. नर्सबाई स्वच्छ, चावीवाला स्वच्छ, त्याची वाकलेली तारसुद्धा स्वच्छ. ताई धुरकट!

"ताई, तुम्ही हललात!" काका ओरडले.

"मी कशाला हलू? तुमचाच हात हल—"

ताई तिथेच थांबल्या. फोटोत काकांचा हात त्यांच्याच गुडघ्यावर होता. त्यावरच्या शिरासुद्धा मोजता आल्या असत्या.

मग नर्सबाईंना ताईंच्या जागी बसवलं. ताई लख्ख आल्या, नर्सबाई धुक्यात! काकांनी लेन्स काढली, कानाशी धरली आणि हळूच हलवली. कुटकुट, कुटकुट. आतली काच बसवतानाच सैल राहिली असणार. तीच एका बाजूला कलली होती. साध्या बेअरिंगचा आवाज ऐकून रोग सांगणारा माणूस! पण आपण स्वतः निवडलेली वस्तू कानाला लावून कोण बघतं?

"म्हणजे डावी बाजूच..." ताई हळू बोलल्या. "आणि ती वेडी नेहमी तिकडेच सरकायची."

"धबधबा दिसावा म्हणून," काका म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच भोंग्यासारखा नव्हता.

"भाऊजी, उजव्या बाजूला आहे असा एकही नसेल?"

लोक पांगले, हे दोघं आल्बम घेऊन बसले. आल्बममध्ये नव्हताच तो. मागच्या खिशात, वाया गेलेल्या फोटोंत कोंबला होता. नव्या स्कूटरचा फोटो. स्कूटर डावीकडे उभी, धुरकट, आणि उजवीकडून हातात बादली घेऊन काकू अचानक आत शिरलेल्या. एक भुवई वर, तोंड उघडं, काहीतरी ठणकावून सांगतायत. केसांची एकेक बटसुद्धा वेगळी दिसत होती. स्कूटरचा फोटो बिघडवला म्हणून काकांनी तेव्हा तो मागे सारला होता.

"तोंड उघडं आहे तिचं," काका म्हणाले.

"म्हणूनच ओळखू येते ना!" ताई म्हणाल्या, आणि हसता हसता पुन्हा रडल्या. फोटो त्यांनीच फ्रेममध्ये बसवला.

ताई गेल्यावर काका फ्रेमसमोर ताठ उभे राहिले. आयुष्याचा खटला जिंकला होता!

"बघितलंस? माझा हात हलत नव्हता. काचच सैल होती!"

काकू भुवई चढवून, तोंड उघडून बघत होत्या. आणि काकांना ते अगदी स्पष्ट ऐकू आलं.

"मग ती काच निवडली कोणी होती?"

 काकांनी बाल्कनीचं दार नीट लावून घेतलं, आतल्या खोलीत गेले आणि दुकानदाराला फोन लावला.

"एक लेन्स दाखवाल का?" ते अगदी हळू आवाजात म्हणाले. "छोटी. काळी. आणि हे बघा, निवडून तुम्हीच ठेवा."