बर्फ, पाणी आणि कोंडाजी

मोहिनीबाईंचा पाठ दहाला होता आणि पावणेदहा वाजले तरी बर्फाचा पत्ता नव्हता.

बाकी सगळी तयारी चोख होती. स्टोव्ह होता, पातेलं होतं, फळ्यावर रंगीत खडूनं ‘स्थायू, द्रव, वायू’ लिहून झालं होतं. तिसरीची बावीस मुलं चापून तेल लावून बसली होती आणि मागच्या खुर्चीवर विस्तार अधिकारी बागूल साहेब घड्याळ बघत होते. नाशिकचा गंगापूर रोड संपून मळे लागतात तिथल्या या शाळेत मोहिनीबाईंचं शिक्षणसेविका म्हणून हे तिसरं वर्ष. साहेबांचा शेरा चांगला आला तर नोकरी कायम, नाहीतर घरचा रस्ता. अशा वेळी शहाणा माणूस फळ्यावर चौकोन काढतो, त्याला बर्फ म्हणतो आणि मोकळा होतो. मोहिनीबाईंना मात्र मुलांच्या हातात खरा बर्फ द्यायचा होता.

बर्फाचं काम त्यांनी कोंडाजींवर सोपवलं होतं. कोंडाजींची मुलगी दिशा याच वर्गात होती आणि ते रोज पहाटे लुनावरून शेवंती घेऊन नाशकात जात. “येताना द्वारका चौकातल्या बर्फाच्या कारखान्यातनं पाच किलो बर्फ आणाल का?” असं बाईंनी विचारल्यावर ते, “त्यात काय एवढं?” म्हणाले होते.

दहाला दोन मिनिटं असताना लुना आली. कोंडाजींनी गोणी तान्ह्या बाळासारखी उतरवली. तिच्यातून पाणी गळत होतं.

“कोंडाजीभाऊ, बर्फ?”

“हाय ना आत. कारखान्यावाल्यानं भुशात गुंडाळून दिला व्हता. म्हटलं, पोरं हातात घेनार, घान कशाला? भुसा झटकला, गोणीत बांधला आन् वाटंत चार ठिकानी थांबून पानी मारलं.”

“पाणी मारलं? बर्फावर?”

“मारावंच लागतं बाई. ऊन काय कमी हाय? आमची शेवंती अशीच जाती, पाकळी सुकत नाय.”

तीन पिढ्या फुलांत गेलेला माणूस. उन्हात जे जपायचं त्याला पाणी मारायचं, हे त्याला कळत होतं आणि त्यानं ते मनापासून केलं होतं. बाईंनी गोणीत हात घातला. बराच वेळ चाचपल्यावर लिंबाएवढा खडा हाताला लागला. त्यांना रडावंसं वाटलं, पण मागं साहेब होते.

“मुलांनो, हा स्थायू,” त्या घाईघाईनं म्हणाल्या. “हातात घ्या, कसा लागतो सांगा आणि पुढं द्या. पटकन!”

खडा निघाला. पहिल्या रांगेत किंचाळ्या उठल्या. दुसऱ्या रांगेत कोणी तो गालाला लावला. तिसऱ्या रांगेत महेशनं तो वास घेऊन बघितला. शेवटी बसलेल्या दिशानं हात पुढं केला, मूठ मिटली आणि ती उघडेचना.

“बाई, दिशानं बर्फ खाल्ला!” महेश ओरडला.

वर्गात गलका झाला. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. खिडकीतून कोंडाजींचा पडलेला चेहरा आत आला. “दिशे, खाल्ला असंल तर खरं सांग. मी मारनार नाय.”

“मी नाय खाल्ला!” दिशानं मूठ उघडली. तळवा ओला होता. “माझ्याकडं आला तवा एवढाच व्हता.”

साहेब उठून तिच्यापाशी आले आणि वाकून तळव्याकडं बघत राहिले. दिशानं तो सगळ्यांना दिसावा म्हणून उंच धरला. खिडकीतून मार्चचा कोरडा वारा येत होता. मुलं भांडत होती, बाई त्यांना गप्प करत होत्या आणि तेवढ्यात तळवाही सुकला.

“आता तर पानी पन गेलं,” म्हणून दिशा रडायला लागली.

“कुठं गेलं?” साहेबांनी विचारलं.

दिशानं नाक पुसलं. “हवेत. बाबा शेवंतीवर मारतात ते पन जातं. म्हनून तर परत परत मारावं लागतं.”

फळ्यावरचे स्थायू, द्रव, वायू तिन्ही होऊन गेले होते. मोहिनीबाईंचा स्टोव्ह अजून पेटलासुद्धा नव्हता.

साहेबांनी बसून शेरा लिहिला आणि वही बाईंपुढं सरकवली. ‘साहित्य: बर्फ. तपासणीअंती शिल्लक आढळला नाही. अध्यापन: उत्तम. सेवेत कायम करण्यास हरकत नाही.’ बाईंनी ते तीनदा वाचलं, तरी विश्वास बसेना.

“मास्तर होतो तेव्हा एकोणीस वर्षं मी फळ्यावर चौकोनच काढला,” साहेब हळूच म्हणाले. मग ते खिडकीकडं वळले. “कोंडाजी, उद्या नाशकात जाणार का? पलीकडच्या वस्तीवरही हाच पाठ आहे. बर्फ आणाल?”

“आनतो की साहेब. या वक्ताला भुसा काढनार नाय, पानी बी मारनार नाय. आख्खा पाच किलो आनून देतो.”

“छे, छे!” साहेब घाबरून म्हणाले. “तास पस्तीसच मिनिटांचा असतो. तुम्ही आपलं पाणी मारतच आणा.”