जावईसाहेबांची लांब रेघ

"ही रेघ आहे की कुंपण?" जावईसाहेबांनी कागद टायपिस्टबाईंच्या टेबलावर आपटला.

बाईंनी कष्ट काही कमी घेतले नव्हते. साहेबांना वाक्याच्या मध्ये लांब रेघ हवी होती आणि कीबोर्डवर होती ती आखूड. म्हणून त्यांनी तीन आखूड रेघा शेजारीशेजारी उभ्या केल्या. मध्ये फटी राहिल्या, त्याला बाई तरी काय करणार?

"लांब, सलग रेघ पाहिजे. वाचणारा तिथे क्षणभर थबकला पाहिजे," साहेब म्हणाले. "मानपत्र मनासारखं झालं, तर तुमच्या कायम नोकरीच्या हुकमावर आजच सही करतो. नाही झालं, तर बघू."

त्या 'बघू'चा अर्थ बाई जाणून होत्या. पंपांच्या या कारखान्यात त्या हंगामी म्हणून लागल्या होत्या आणि हा हंगाम काही केल्या संपत नव्हता. आज थोरले मालक निवृत्त होऊन सगळा कारभार जावयाच्या हाती देणार होते. सभागृहात खुर्च्या मांडून झाल्या होत्या, हार आला होता, माइकची खरखरसुद्धा सुरू झाली होती. घोडं अडलं होतं ते या मेल्या रेघेपाशी.

"काका, लांब रेघ कशी काढतात हो?" बाईंनी पलीकडच्या टेबलावरच्या हेडक्लार्कना विचारलं.

"आधीच्या टायपिस्टला यायची. ती गेली, विद्याही घेऊन गेली," काका चष्मा पुसत म्हणाले. "तिच्या जुन्या फायलींत बघा. सापडली तर उचलून आणा. आपल्याकडे सगळं असंच चालतं."

बाईंनी कॉम्प्युटर पालथा घातला. लांब रेघ सापडली, पण एकाच ठिकाणी: जुन्या खजिनदारांच्या दुखवट्याच्या पत्रकात. 'आमचे सर्वांचे लाडके खजिनदार —' अशी ओळ होती आणि भोवती जाडजूड काळी चौकट. बाईंनी मनातल्या मनात खजिनदारांची माफी मागितली, रेघ उचलली आणि मानपत्रात आणून चिकटवली.

रेघ आली. तिच्यामागोमाग चौकटही आली.

बाईंनी चौकट पुसली, तर रेघही गेली. पुन्हा आणली, तर दोघी जोडीनेच हजर! जिथे जिथे रेघ लावावी, तिथल्या परिच्छेदाभोवती काळी चौकट उभी राहायची. 'आपण आम्हांला पित्यासमान —' चौकटीत. 'आपला हसरा चेहरा —' तोही चौकटीत. थोड्याच वेळात मानपत्र वर्तमानपत्राच्या निधनवार्तांच्या पानासारखं दिसू लागलं.

"काका, बघा ना हो काय झालं!"

काकांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं, म्हणजे काहीच पाहिलं नाही. "छान आहे की! मानपत्राला चौकट असतेच."

"अहो, पण काळी?"

"मग रंगीत छापा."

"प्रिंटरमध्ये काळीच शाई आहे!"

"मग काळीच छापा," काका म्हणाले आणि हार बघायला निघून गेले.

निदान कागदावर कसं दिसतं ते बघावं म्हणून बाईंनी एक प्रत छापली, तेवढ्यात साहेब दारात उभे! त्यांनी कागद हिसकावून घेतला. बाई खुलासा करायला उठल्या. साहेबांची नजर मात्र रेघेवरून जी सरकली, ती पुढच्या रेघेवरच जाऊन थांबली. "वा! याला म्हणतात रेघ!"

"साहेब, पण ती चौकट..."

"आता पण नाही नि बिण नाही!" साहेब कागद घेऊन पळालेसुद्धा.

सभागृहात बाई शेवटच्या रांगेत अंग चोरून बसल्या. साहेब प्रत्येक रेघेपाशी थबकत वाचत होते, त्यामुळे मजकुराला नको तितका गहिवर चढला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी तर डोळ्यांना पदर लावला. वाचून झाल्यावर साहेबांनी वाकून कागद सासऱ्यांच्या हाती दिला.

थोरल्या मालकांनी तो जवळ धरला, लांब धरला.

"जावईबापू, घाई झालीय का हो तुम्हाला?"

साहेबांनी तेव्हा कुठे चौकटी पाहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "टायपिस्ट! हे टायपिस्टने केलंय!"

बाई उठल्या. गेली नोकरी, आता लपवून काय उपयोग, असं म्हणून त्यांनी रेघेची सगळी हकिकत सांगून टाकली, खजिनदारांच्या दुखवट्यासकट.

मालकांचं पोट हलू लागलं आणि ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "निवृत्ती राहू द्या! एवढ्या चौकटी बघून घरी बसायची हिंमत होत नाही माझी. आणि बाई, पुढेमागे माझाही दुखवटा टाइप करावा लागेल. त्याला सराव झालेलं माणूस हवं. काका, हुकूम काढा. माझा दुखवटा टाइप होईपर्यंत या बाई कायम!"

हुकूम शब्दशः तसाच निघाला. बाईंनी तो घरी नेऊन पुन्हा पुन्हा वाचला, तेव्हा त्या 'होईपर्यंत'पाशी थबकल्या: मालक आहेत, तोवरच नोकरी आहे.

दुसऱ्या दिवसापासून थोरल्या मालकांच्या चहात बाईंनी साखर पडू दिली नाही.