रांगेच्या टोकाला

नकार तोंडानं द्यायचा की नुसती मान हलवायची, एवढाच प्रश्न होता. समोर उभी होती शेजारच्या करुणाताईंची नवी सून. बल्गेरियाची, नाव रोसित्सा. नव्या सुनेला तोंडावर 'नाही' म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून मी मान आडवी हलवली.

तिचा चेहरा उजळला. "काका येणार," असं माझ्या बायकोला सांगून ती निघूनही गेली. त्यांच्याकडं मान आडवी हलवली की होकार होतो, हे तिच्या नवऱ्यानं, इंद्रजीतनं, मला संध्याकाळी सांगितलं. (आमच्या ऑफिसात ती कशीही हलवली तरी 'उद्या या' एवढाच अर्थ होतो.)

भानगड अशी, की छावणी भागातल्या एका हॉलवर दोघांचं रिसेप्शन होतं आणि रोसित्साला तिथं तिच्या मुलखातला होरो करायचा होता. होरो म्हणजे एकमेकांना धरून रांगेनं करायचा नाच. तो एकटीला करता येत नाही, आणि तिच्या माहेरचं तर कुणीच येऊ शकलं नव्हतं.

"मग माहेरचे आपण," मनस्विनी, म्हणजे आमची बायको, म्हणाली. ती 'आपण' म्हणते तेव्हा त्यात मी जास्त असतो.

गच्चीवर तालीम सुरू झाली. त्यांच्याकडंही प्रांताप्रांताचा नाच वेगळा. रोसित्साची आजी रोडोपी डोंगरातली. तिकडं बकऱ्याच्या कातड्याची पिशवी फुगवून एक वाद्य वाजवतात. ते जड आवाजात घुमत राहतं आणि माणसं विचार करून एकेक पाऊल टाकतात. मला तो प्रांत फार पटला.

"हा नाही, काका," रोसित्सा म्हणाली. "माझे बाबा शोप. सोफियाजवळचे. आपण त्यांचा करायचा."

आणि ती फोडणीतल्या मोहरीसारखी तडतडायला लागली. पाय बारीक बारीक उडतात, खांदे थरथरतात, आणि शेजाऱ्याच्या कमरेचा पट्टा धरून ठेवायचा. पुढचा नेईल तिकडं सगळ्यांनी जायचं. तिनं आणखीही बरंच सांगितलं. मी तोवर मनानं रोडोपीत पोचलो होतो.

रिसेप्शनच्या दिवशी मी शहाणपणा केला. दाराजवळ, रांगेच्या अगदी उजव्या टोकाला उभा राहिलो. एकदा रंग चढला की हळूच सटकायचं. शेजारी होते इंद्रजीतचे मामा, फर्दापूरचे कडुबा. त्यांनी माझा पट्टा बैलाची वेसण धरावी तसा धरला.

स्पीकरवर गाणं सुरू झालं. थोड्याच वेळात मला धाप लागली. घाम पुसायला मी रुमाल काढला, तर रोसित्सा रांगेच्या मधूनच खुशीत ओरडली, "बरोबर, काका."

उजव्या टोकाचा माणूस म्हणजे रांगेचा म्होरक्या, आणि त्यानं रुमाल फिरवायचा असतो, हे मला तेव्हा कळलं.

"मामा, पट्टा सोडा जरा. मला बाहेर जायचंय."

"जाऊ की," मामा म्हणाले. "तुम्ही निसतं म्होरं व्हा. म्या हाय."

मी दाराबाहेर पडलो. अख्खी रांग माझ्यामागं. जेवणाच्या मांडवातून, आचाऱ्याच्या कढईला वळसा घालून, थेट रस्त्यावर. स्पीडब्रेकरला मी अडखळलो, तर मागचे सगळे एकेक करून तसेच अडखळले. मी घाबरून मागं बघितलं, की तेही वळून मागं बघत. शेवटी एक टेम्पो आडवा आला, म्हणून मी परत फिरलो.

हॉलमध्ये रोसित्साचे डोळे भरून आले होते. "आमच्या गावात पण होरो असाच रस्त्यावर जातो," ती म्हणाली. "सकाळपासून मला वाटत होतं, माझं इथं कुणी नाही." मग तिनं वाकून माझ्या पायाला हात लावला. मी रुमालानं डोळे पुसले. (घाम हे एक कारण होतंच.)

इंद्रजीतनं तो व्हिडिओ सासऱ्यांना पाठवला. त्यांनी विचारलं, हे पुढचे गृहस्थ कुठल्या प्रांताचं नाचताहेत? शोपांचं नाही, रोडोपीचंही नाही. इंद्रजीत मर्यादा पाळणारा मुलगा. "मराठवाड्याचं," म्हणाला.

परवा तिकडूनही एक व्हिडिओ आला. त्यांच्या गावातले पुरुष नक्षीचे सदरे घालून, एकमेकांचे पट्टे धरून रांगेनं अडखळत होते आणि मधूनच घाबरून मागं बघत होते.

मनस्विनीनं तो दोनदा पाहिला.

"मन लावून शिकलं की जमतं, बघा," ती म्हणाली. "तुमच्यापेक्षा कितीतरी छान करताहेत."