निवांत फिरण्याचं वेळापत्रक

बायकोला नदीकाठी निवांत फिरवून आणायचं, एवढंच शिक्केसाहेबांनी ठरवलं होतं. आता निवांत फिरायला लागतं काय? दोन माणसं आणि एक काठ. पण साहेबांनी आधी कागद घेतला, मग पट्टी घेतली, आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

साहेब म्हणजे फार मोठे साहेब नव्हेत. नदी हीच सरहद्द, नदीवर पूल, आणि पुलाच्या अलीकडच्या टोकाला एक खिडकी. त्या खिडकीत बसून बत्तीस वर्षं त्यांनी पासपोर्टवर शिक्के मारले आणि प्रत्येक प्रवाशाला बजावलं, ‘‘पलीकडे एक तास पुढे आहे, घड्याळ लावून घ्या.’’ मागच्या महिन्यात ते निवृत्त झाले. आता घड्याळाची गुलामगिरी नको, म्हणून मनगटावरचं घड्याळ त्यांनी कपाटात टाकलं आणि ऑफिसनं निरोपाला दिलेला मोबाइल खिशात ठेवला. (म्हणजे गुलामगिरी तीच, फक्त मनगटावरून खिशात आली.)

बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते. घरात ती सगळीकडे हिंडायची, मशीनवर बसून आळीतल्या बायकांचे कपडेही शिवायची. पण जिन्याशी आली की पाय मागे घ्यायची. ‘‘उद्या बघू,’’ म्हणायची. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी एक दिवस साहेबांना बाजूला घेतलं.

‘‘गुडघा ठणठणीत आहे हो. भीती जायला हवी. नदीकाठी न्या, पण निवांत. पहिल्याच दिवशी धसका घेतला, तर पुन्हा उंबरा ओलांडायच्या नाहीत.’’

साहेबांनी ते फार मनाला लावून घेतलं. दिवसभर खिडकीतून नदीची वीतभर पट्टी बघत बसणारी बायको त्यांना बघवत नव्हती. तिला सबंध नदी दाखवायचीच, असा त्यांनी विडा उचलला. काठ पावलांनी मोजून झाला. बाकं तीन होती, तिन्हींवर स्वतः बसून पाहिलं. (दुसरं डुगडुगत होतं, त्याखाली त्यांनी चपटा दगड सरकवला.) खास या कामासाठी नवे बूट आले. जाताना सावकाश चालत पुलाजवळच्या धक्क्यापर्यंत, येताना सहाची शेवटची बोट, ती थेट घरामागे सोडते. कागदावर ओळी पडल्या: ‘चार वाजता प्रस्थान. चार-वीस ते चार-तीस, बाक क्रमांक एक, नदी पाहणे. चार-चाळीस ते पाच, बाक क्रमांक दोन, इकडच्या तिकडच्या गप्पा.’

‘‘गप्पा कशाबद्दल, तेही लिहिलंय का?’’ बायकोनं विचारलं.

‘‘विषय ऐच्छिक ठेवलाय.’’

ती हसली, आणि हसता हसता जिना उतरली. साहेबांना तेवढ्यानंच भरून आलं.

पहिलं बाक यथासांग पार पडलं. काठी टेकत, प्रत्येक पावलाआधी जमीन चाचपत ती चालत होती. दुसऱ्या बाकावर मात्र गप्पा खरंच रंगल्या. शिवायला टाकलेला झगा लेकीच्या लग्नानंतर न्यायला आलेल्या बाईची गोष्ट तिनं अशी सांगितली की हसून हसून साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. डोळे पुसता पुसता त्यांनी मोबाइल काढला आणि ताडकन उभे राहिले.

पाच वाजून पंचेचाळीस मिनिटं!

बायकोशी बोलताना वेळ कसा जातो कळत नाही, असं त्यांनी लोकांकडून ऐकलं होतं. खरंच असतं म्हणायचं!

‘‘ऊठ, ऊठ! बोट जाईल!’’

‘‘अहो, ऊन तर केवढं आहे अजून.’’

‘‘सूर्याला काय कळतंय! चल लवकर, नाहीतर सगळं चालत परत यावं लागेल तुला.’’

ती धमकी मात्र लागू पडली. साहेब पुढे, बायको मागे. तिसरं बाक आलं आणि गेलं. थोड्या वेळानं बायको पुढे आणि साहेब मागे. धक्क्यावर पोचले तेव्हा साहेबांचा भाता झाला होता, आणि नावाडी बोटीत टोपी तोंडावर घेऊन घोरत होता.

‘‘अरे बाबा, सहा वाजले! सोड बोट!’’

नावाड्यानं टोपी वर केली. ‘‘पाच वाजलेत, साहेब. इथे मोबाइल पलीकडचा टॉवर पकडतो, एक तास पुढे पळतो. रोज एखादा नवखा असा धावत येतो. पण तुम्ही... म्हणजे तुम्हीसुद्धा?’’

साहेबांना ते ऐकूच आलं नाही. व्यायामाच्या बाई निवांत न्या म्हणाल्या होत्या, आणि आपण बाईमाणसाला घोड्यासारखं पळवलं. आता ही पुन्हा घराबाहेर पडायची नाही. ते वळले आणि चाचरत म्हणाले, ‘‘गुडघा...?’’

बायको उभी होती. काठी तिच्या काखेत होती. तिनं काठीकडे पाहिलं, मग गुडघ्याकडे पाहिलं, आणि ती जी हसत सुटली ती खाली धक्क्याच्या पायरीवर बसेपर्यंत.

‘‘बत्तीस वर्षं जेवण झाकून वाट बघितली तुमची,’’ ती म्हणाली. ‘‘आज पहिल्यांदा कुठेतरी तासभर लवकर पोचलात. बसा आता.’’

साहेबांनी कागद काढला. या तासाबद्दल त्यात काहीच नव्हतं. बायकोनं कागद घेतला, मोबाइल घेतला, दोन्ही पिशवीत कोंबले. मग ते नुसते बसले. पाण्यावरचं ऊन पिवळं झालं, पलीकडच्या काठावर कुणीतरी वाळलेल्या चादरी काढत होतं, आणि साहेबांना फार म्हणजे फार बरं वाटलं. इतकी वर्षं पुलाशी बसून आपण नदी पाहिलीच नव्हती, हे त्यांनी बायकोला बोलूनही दाखवलं. ती जरा त्यांच्याकडे सरकून बसली.

भानावर आले तेव्हा बोट नदीच्या वळणाला लागली होती.

‘‘अगं! शिट्टी का नाही वाजवली त्यानं?’’

‘‘दोनदा वाजवली. मी ऐकली की.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय? चालत जाऊ.’’ आणि ती उठून चालायलाही लागली.

अडचण एकच होती. नव्या बुटांनी साहेबांच्या दोन्ही टाचा सोलल्या होत्या, शिवाय त्या धावपळीत पोटरीत गोळा आला होता. तिसऱ्या बाकापर्यंत त्यांनी दम धरला. दुसऱ्या बाकाशी बायकोनं काठी त्यांच्या हातात दिली, आणि पहिल्या बाकापासून खांद्याचा आधारही.

इमारतीच्या फाटकावरचा वॉचमन आठवड्यापूर्वीच कामाला लागला होता. लंगडत येणारे साहेब दिसताच तो स्वतःची खुर्ची उचलून धावला. ‘‘बसा, बाबा, बसा. ऐकलं होतं मी, तुमच्या घरात गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून. फार त्रास होतोय का?’’

साहेबांनी तोंड उघडलं, पण बायको आधी बोलली.

‘‘चालायचंच,’’ ती म्हणाली. ‘‘आज पहिल्यांदाच बाहेर काढलंय त्यांना.’’