फोटो काढल्याशिवाय न हलणारी घोडी

गुरं वरच्या कुरणावर न्यायच्या दिवशी सकाळी अंगणात सगळी तयारी झाली होती, फक्त पुढं कोण जाणार ते ठरलं नव्हतं. दर उन्हाळ्यात बाबा घोड्यावर पुढं असत आणि अख्खा कळप गुमान त्यांच्या मागं डोंगर चढे. गुरांना मागून काठीनं हाकणं या घरात कमीपणाचं समजत. पण यंदा बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि ते ओसरीवर पाय पसरून साऱ्या जगावर रुसून बसलेले.

“मी जाते पुढं,” धाकटी सून म्हणाली.

थोरले दीर हसले. “पाहुण्यांना घोड्यावरून फिरवून आणण्याइतकं सोपं नाही हे. तुझ्या मागं गुरं चार पावलं जरी आली, तर मी यापुढं मुकाट्यानं शेपटाला चालीन.”

“आणि नाही आली तर?”

“तर हा विषय परत काढायचा नाही.”

हे तिला चांगलंच झोंबलं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तिनं बाबांना कळपापुढं डोंगर चढताना पाहिलं होतं, आणि तेव्हापासून तिला आयुष्यात दुसरं काही नको होतं. घोड्यावर मांड पक्की व्हावी म्हणून तर तिनं डोंगर बघायला येणाऱ्या पाहुण्यांना घोड्यावरून फिरवायच्या फेऱ्या सुरू केल्या होत्या.

“जाऊ दे तिला,” बाबा म्हणाले.

झालं. दीर शिधा घेऊन जीपनं वर गेले, नवरा त्याच्या घोड्यावर कळपाच्या पार शेवटी धूळ खायला गेला, आणि सूनबाई आपल्या लाडक्या मास्तरणीवर बसल्या. मास्तरीण म्हणजे घोडी. तिला कोणाचाही चावटपणा खपत नसे, म्हणून हे नाव.

खरी चूक झाली ती इथं. मास्तरणीला सुनेनं स्वतः शिकवलं होतं, आणि नको इतकं चांगलं शिकवलं होतं. नवशिक्या पाहुण्यानं लगाम कसाही खेचला तरी ऐकायचं नाही. ठरलेली वाट सोडायची नाही. कड्यावरच्या सपाट दगडापाशी फोटो निघेपर्यंत थांबायचं. सून स्वतः कायम दुसऱ्या घोड्यावर मागं असायची, त्यामुळं पाठीवर जो बसेल तो पाहुणा, एवढंच त्या घोडीला ठाऊक.

गुरं मात्र निघाली. घंटा बांधलेली म्हातारी गाय पुढं झाली आणि बाकीची तिच्यामागं ओळीनं आली. सुनेला आनंदानं रडूच फुटायचं बाकी होतं. मग फाटा आला. कुरण डावीकडं होतं. मास्तरीण उजवीकडं वळली.

“अगं बाई, इकडं नाही.” सुनेनं लगाम खेचला. मास्तरणीनं शिकवल्याप्रमाणं दुर्लक्ष केलं. वाट अरुंद, एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मागं गुरं अशी खेटून आलेली की उतरून घोडी वळवायचीही सोय उरली नाही.

सपाट दगडापाशी मास्तरीण थांबली. अख्खा कळप थांबला.

“काय झालं गं?” मागून नवऱ्याची हाक आली.

“काही नाही, फोटो काढतेय.”

“आत्ता?”

तिनं मुकाट्यानं फोन काढून गाईंचा फोटो घेतला. कट्ट आवाज झाला आणि मास्तरीण चालू लागली. तेवढ्यात दिरांचा फोन. “कुठवर आलात? आमटी गार होतेय.”

“आलोच,” ती म्हणाली, आणि फोन बंद करून टाकला.

पुढचा थांबा डोंगरातल्या छोट्या हॉटेलचा. तिथं मास्तरणीला रोज गाजर मिळे. ती पायरीशी जाऊन उभी राहिली आणि मागून कळप बागेत शिरला. गाईंनी हौदातलं पाणी माशांसकट ढवळलं, फुलझाडं चाखून पाहिली, आणि एक वासरू टेबलावरचं कापड पांघरून हिंडू लागलं. गिऱ्हाईकं खुर्च्यांवर चढली.

मालक गाजर घेऊन बाहेर आला तो बघतच राहिला. “ताई, आज पाहुणे जरा जास्त आणलेत.”

“सगळं भरून देते, दादा. आधी गाजर द्या, नाहीतर ही हलायची नाही.”

गाजर संपलं. आता फेरीचा शेवट कुठं होतो हे सुनेला ठाऊक होतं. डोंगराला वळसा घालून संध्याकाळी मास्तरीण थेट घराच्या अंगणात येऊन उभी राहिली. मागून सगळी गुरं आली, सगळ्यात शेवटी धुळीनं पांढरा झालेला नवरा.

ओसरीवरून बाबा बघत होते. दीरही जीपनं धडकले. “मी म्हटलं नव्हतं? विषय संपला.”

सून खाली मान घालून उतरली. डोळ्यातलं पाणी दिसू नये म्हणून ती खोगिराचा पट्टा सोडत बसली.

“गुरांना कुणी काठी लावली का रे?” बाबांनी धाकट्याला विचारलं.

“हातसुद्धा उचलला नाही.”

“एखादं वासरू मागं राहिलं?”

“नाही. एक तर कापड घेऊन आलंय.”

बाबा थोरल्याकडं वळले. “चार पावलं म्हणाला होतास ना? अख्ख्या डोंगराला वळसा घालून आलीत हिच्या मागं. चुकीच्या वाटेनंसुद्धा. माझ्या मागं एवढी आली असती की नाही, देव जाणे. उद्या हीच पुढं जाणार, माझ्या घोड्यावर. तू शेपटाला.” आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ते पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी सून बाबांच्या घोड्यावर निघाली. शेपटाला दीर. “घोडीला हात कडक लागतो,” म्हणत ते हट्टानं मास्तरणीवर बसले होते. फाट्यावर कळप डावीकडं वळला, आणि कुरण दिसू लागलं तसा सुनेचा फोन वाजला.

“अगं, ही दगडापाशी उभी आहे, काही केल्या हलत नाही. काय करू?”

“फोटो काढा, भाऊजी.”

“कशाचा?”

“तुमचाच. आणि जरा हसा. पुढच्या थांब्यावर हॉटेलवाले कालचं कापड परत मागतील.”